मागे जाणारं घड्याळ

दाताच्या दवाखान्यात मी नंबरची वाट पाहत होतो. समोरच्या बाकावर एक नवरा-बायको होते. बोलण्यावरून कळलं, कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाची चिप तिने बनवलेली, ती चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला.

"तुझ्या चिपचं घड्याळ मधूनच मागे जातं. मी साहेबांना तसं कळवलंय."

"मला न विचारता? आज चिपच रद्द करतील ते."

"घरचं ऑफिसात आणायचं नाही, हे तुझंच म्हणणं."

"बरं. तुझा ड्रायव्हर वेळ वाचतो कशी?"

"दोन तुकड्यांत. आधी मोठा आकडा, मग लहान."

"म्हणजे आधी तास, मग मिनिटं. समज, एक वाजून एकोणसाठ मिनिटं झालीत. तू तास वाचलास, एक. तेवढ्यात दोन वाजले. मग मिनिटं वाचलीस, शून्य. तुझ्या मते किती वाजले?"

"एक."

"मग घड्याळ मागे गेलं की तू? तास पुन्हा वाचून बघायचा. बदलला असला तर सगळं पहिल्यापासून. लाव साहेबांना फोन."

"दाढ ठणकतेय गं. बोलवत नाही मला."

"मघापासून बरं बोलवत होतं."

त्याने फोन लावला.

"साहेब, चिप रद्द करू नका. घड्याळ बरोबर आहे, ड्रायव्हरच चुकीचं वाचत होता. कोणाला सापडलं म्हणता? मलाच, साहेब."

"नमस्कार साहेब. मी शेजारीच बसलेय."

"म्हणजे, हिलाच सापडलं. मी फक्त फोन लावला."