शंभरात सत्त्याण्णव

थांबा मॅडम, हे पान जरा मागे घ्या — हां, हेच. पडद्यावर दिसतंय छान, तसं काही नाही, पण इथं तुम्ही लिहिलंय ना, 'एका घरात यंत्राने इशारा दिला नाही, वृद्ध महिला दगावली' — तेवढं 'वृद्ध' काढाल का? एकसष्टावं लागलं होतं फक्त. मला कसं माहीत? आमचीच ही. मी या सभागृहाचा शिपाई, चोवीस वर्षं माईक-पडदा मीच बघतो — आणि ते घर माझं.

बसा, बसा, अजून वेळ आहे. इथले आमचे प्राध्यापक सर, त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी एक मुलगी होती, तिने बनवलेलं ते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काडेपेटीएवढी डबी — घरात कुणी पडलं की माझ्या फोनवर निरोप. अर्धांगवायूनंतर हिचा एक पाय ओढतच चालायचा, म्हणून मीच म्हटलं, आमच्याकडे बसवा. हिला ती मुलगी भारी आवडायची — 'अहो, ती डबी कमी आणि मलाच जास्त तपासते' म्हणायची. पण ती डबी हो... ही फरशी पुसायला बसली की निरोप, चमचा उचलायला वाकली की निरोप. चार वेळा हातातलं काम टाकून धापा टाकत घरी गेलो — आणि ही दारात उभी, हसतेय! पाचव्यांदा नाही गेलो. निरोपाखाली 'सगळं ठीक' असं बटण होतं, ते दाबायचं, संपलं. कुणीही तेच केलं असतं ना? केलंच असतं.

तर त्या दिवशी इथंच सरांचं व्याख्यान — रोजच्या अडचणींवर कृत्रिम बुद्धिमत्ता, असंच काहीतरी. खुर्च्या कमी पडल्या. मी त्या भिंतीशी, प्रश्न विचारणाऱ्यांचा माईक घेऊन उभा — आणि खिशात फोन थरथरला. नाही, म्हणजे — इशारा आलाच नव्हता असं सगळीकडे लिहिलंय, तुम्हीही तेच... आला होता. दोनदा आला. दोन्ही वेळा फोन अर्धा बाहेर काढला आणि बटण दाबलं. वर सर सांगत होते, यंत्र शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर असतं — आणि लोक टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी घरी गेलो तर ही ओट्याखाली. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर वाचल्या असत्या. मुलगा ओरडला, 'बाबा, फोन नाही वाजला?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं — नाही वाजला. तो सरांच्या अंगावर धावून गेला, त्या यंत्राचं काम बंद पडलं. मग ती मुलगी आली भेटायला. तिच्याकडे नोंद असणारच — किती वाजता इशारा गेला, किती वाजता बटण दाबलं, सगळी. 'काका, तुम्हाला काही आठवतंय का?' एवढंच म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. चहाला हातही न लावता उठली — आणि 'यंत्रच चुकलं' असं सांगून सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन निघून गेली. कुठे असते? माहीत नाही. विचारायला तोंड कुठंय मला?

मुलाला? नाही हो, त्याला कसं सांगू — दर रविवारी नातीला घेऊन येतो, तासभर बसतो. तेवढंच राहिलंय.

असं बघू नका माझ्याकडे. उठा. दार उघडतो, लोक ताटकळलेत बाहेर.