वाटेत चहा नको

— नाय, मंग वेरूळ राहू दे. मला काय ठावं ते उलट्या अंगाला पडतं? मला आपलं वाटलं, जळगावला जायचं म्हणजे वेरूळ, अजिंठा, घाट, सगळं ओळीनं लागत असंल, ह्या औरंगपुऱ्यातल्या दुकानांसारखं. हसू नको, मुख्तार. तुझा जन्म गेला ह्या अँबेसिडरीत, माझा गेला चुलीपुढं. आता नीट सांग — इथून निघालो की फुलंब्री, मंग सिल्लोड, मंग अजिंठा गाव, व्हय ना? अन् घाट उतरला की लेणी, तिथून पुढं जळगाव. बेस. रस्ता लई देखणा हाय म्हणतोस? असणारच. दसरा आत्ताच झालाय, मका उभी असंल, डोंगर हिरवा असंल, घाटात बाया सीताफळाच्या टोपल्या घेऊन बसल्या असतील — तेच बघायला चाललेय की मी. बाईमाणसानं काय जन्मात एकदा डोंगर बघू नये? घरी तसंच सांगितलंय मी, की लेणी बघायला चालले. आप्पासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं अन् म्हणले, बघून ये, आपल्या जिल्ह्याचं नाव हाय त्यांच्यामुळं. नवऱ्यानं एवढं कौतिक केलं म्हटल्यावर जायलाच पायजे.

तर आता आतमधी काय काय हाय ते मला सांगून ठिव. — कामून म्हणजे? परत आल्यावर आप्पासाहेब इचारतील ना. — बघणार हाय म्हणले, पण थांबायला वेळ नाय तिथं. बाहेरूनच हात जोडायचे अन् पुढं जायचं. तू सांग, भिंतीवर काय हाय, मूर्ती कसल्या हायेत. — आँ? तू आत गेलाच नाय? येवढी गिऱ्हाइकं नेलीस आजवर, अन् बाहेरच चहा पीत बसलास? शाबास रे गड्या! म्हणजे आंधळ्याला बहिरा वाट पुसतोय. बुद्धदेव झोपलेले हायेत, एवढं तरी ऐकलंस ना? बास, तेवढं पुरं. आप्पासाहेबांनी तरी कुठं बघितलेत. अन् घाटात मात्र गाडी थांबवायची. पठार संपतं अन् खाली सगळा खानदेश दिसतो म्हणतात, त्या वळणावर. तिथं मला उतरायचंय, काय बी झालं तरी.

अन् एक ध्यानात ठिव — वाटेत चहा नको. सिल्लोडला नाय, फर्दापूरला नाय, कुठंच नाय. भजी नको, केळी नको, सीताफळ नको. मी स्वतः म्हणले ना, मुख्तार, जीव कासावीस झाला, जरा थांब — तरी थांबायचं नाय. उपास? उपास कसला डोंबलाचा. मला भूक घेऊन जायचंय. चांगली सडकून लागलेली भूक. पोटात काय असलं की माणूस दोन घास चिवडतं अन् उठतं, अन् वाढणारीला वाटतं, आईनं नुसती रीत केली. मला दोन भाकरी खायच्यात. तिसरी मागायची हाय.

झालं. निघालं तोंडातून. जाऊ दे, तुझ्यापाशी काय लपवायचं — आवडाची पाठवणी तुझ्याच गाडीतून झाली. तुला तिचं घर ठावं हाय, मला नाय. दहा वर्सं झाली, मुख्तार, मी माझ्या लेकीचं घर बघितलेलं नाय. आमच्यात लेकीला लेकरू होईस्तवर आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. घ्यायचं नाय तर जायचं कशाला, तहानलेलं बसायला? म्हणून जायचंच नाय. तुमच्यात नाय असलं? तुझ्या बायकोची, शहजादीची आई येती तुझ्याकडं? महिना महिना राहती? अन् तू त्याची तक्रार करतोस! करमत नाय म्हणून नव्हं, जावई कुरकुरतो म्हणून माघारी जाती ती, ध्यानात ठिव.

आवडा येती की माहेराला. सणाला येती, पापड लाटती, सगळं करती. मागल्या दिवाळीत भांडी घासता घासता म्हणली, आई, माझ्या घराला खिडक्या किती हायेत ठावं हाय का तुला? आता तूच सांग बरं, किती हायेत? — तुला बी नाय आठवत. अन् तिकडं वांग्याचं भरीत करायला शिकलीय म्हणं, खानदेशी, हिरव्या मिरचीचं, सगळी गल्ली वाटी घेऊन येती. सगळी गल्ली! शेजारणीला तिच्या हाताची चव ठावं, अन् जिनं तिला भाकरी थापायला शिकवली तिला नाय. अन् आता घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं — नाय होणार. दोन डाव तपासलं, म्हणला, आता आशा ठेवू नका. आप्पासाहेब म्हणतात, नशीब. अरे नशीब काय? तिचं एक झालं, माझं काय? लेकरू व्हायचं नाय म्हणजे मी मरेस्तवर तिच्या उंबऱ्याबाहेर. हे कुठल्या देवानं सांगितलं, त्याला माझ्यापुढं आण.

निजामाचं राज गेलं, पोलीस ॲक्शन झाली ना, त्या साली मी नवी नवरी होते. गावोगाव पळापळ, कोण कुठं हाय कुणाला पत्ता नाय. माझा बाप चालत आला, लेक जित्ती हाय का बघायला. ओसरीवर नाय चढला, अंगणातल्या लिंबाखाली बसला. मी धावत आत गेले, भाकरी टाकली, पिठलं केलं. पहिल्यांदा माझी भाकरी टम्म फुगली होती, मुख्तार. ताट घेऊन आले तर म्हणतो कसा, अजून नाय बाई, नातू झाला की एकदमच जेवीन. पाणीसुद्धा शिवेबाहेर जाऊन नदीवर पिला. मी ते ताट झाकून ठिवलं, उगंच, माघारी येईल म्हणून. त्याच हिवाळ्यात गेला तो. नातू नंतर झाला. — हे मी कुणालाच सांगितलेलं नाय, आप्पासाहेबांना बी नाय. पाणी हाय का रे तुझ्याकडं? दे इकडं, तांब्यानंच दे, भांडं नको.

बघ. तुझ्या हातचं पाणी पिले मी, भर बाजारात. सगळ्यांनी बघितलं. आभाळ कोसळलं का? अन् लेकीच्या हातचं नाय चालत! नाय, आता मला ती लेणी नकोत. मूर्ती कशा होत्या अन् भिंती कशा होत्या, मी कशाला घोकत बसू? चोरी करायला चाललेय का मी? परत येऊन सांगायचं ते आजच सांगते आप्पासाहेबांना — उद्या मी आवडाकडं जेवायला चालले, तुमचा सैपाक तुमी करा. रागावले तर रागावू देत. रागावून जातील कुठं, भाकरी तर मलाच मागतील. चार दिवस बोलणार नायत, तेवढाच आराम. अन् भावकी नावं ठेवील म्हणशील, तर ठेवू दे, भावकीला दुसरा धंदा काय हाय?

— काय म्हणलास?

— ...तिनंच नाय वाढलं तर, म्हणतोस.

व्हय. बोलली हाय ती तसं. पंचमीला निघताना मी म्हणले, येईन गं एकदा तुझ्याकडं. तर पिशवीचं तोंड बांधत म्हणली, राहू दे आई आता. दहा वर्सं बोलावलं, आता मी कुणाला बोलवत नाय. माझ्याकडं बघितलं बी नाय. जिद्दी हाय, माझ्यावरच गेलीय. दार उघडंल, ये म्हणंल, बसायला देईल अन् चुलीकडं वळणारच नाय — करू शकती ती असं. मी तिच्या जागी असते तर मी बी केलं असतं.

नाय वाढलं तर मागंन. तिच्या चुलीपुढं जाऊन बसंन अन् म्हणंन, आवडे, भूक लागलीय. आईनं लेकीपुढं हात पसरू नये म्हणतात ना? मी पसरणार. दोन्ही पसरणार. नाय म्हणली तर तिथंच बसून राहणार, अन् तू बी माघारी नेऊ नको मला.

असा बघत काय राहिलास? ऊठ, चाकातली हवा बघ. अन् सकाळी गाडी पार दारापुढं आण, कोपऱ्यावर नको, अन् हॉरन वाजव. सगळ्या गल्लीला ऐकू गेला पायजे. चल, सर बाजूला, मला घरी जाऊन सांगायचंय.