कागदात निजलेली पाखरं

ताई : ‘सरकवू नकोस गं, नुसती दाब.’ इस्त्री हातात घेतली की अजून आईचा आवाज येतो मागून. मान वळवून बघतेसुद्धा.

धाकटी : मला तर ‘कागद उपडा घाल, बावळट’ एवढंच आठवतं. एकदा सुलटा घातला, आणि कापडावर उठायचा तो छापाचा अख्खा गुलाब इस्त्रीच्या बुडाला चिकटला.

ताई : मग कितीतरी दिवस ज्याला इस्त्री करावी त्याला गुलाबी डाग. बाबांच्या सदऱ्यालाही.

धाकटी : बाबा तसेच गेले होते ना कामावर? विचारलं तर म्हणाले, लेकीचं नक्षीकाम आहे.

ताई : म्हणणारच. शेंडेफळ ना तू. माझ्या हातून झालं असतं तर सदरा मलाच धुवावा लागला असता. बरं, गप्पांत वेळ घालवू नकोस. साडेपाचची बस आहे तुझी. आईच्या कपाटात छापाचा हा एकच कागद उरलाय. तो तुझ्या लेकीच्या अभ्र्यावर उठवून देते, की निघ.

धाकटी : बघू तरी. अगं, ही तर दोन पाखरं.

ताई : काय भांडलोय असल्याच एका कागदावरून.

धाकटी : डावं माझं, उजवं तुझं. आणि आईनं कापडावर उठवलं तर माझं गेलं उजवीकडे. ताईनं माझं पाखरू चोरलं म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

ताई : आई म्हणाली, कागदावरून कापडावर गेलं की बाजू पालटतेच, बायांनो. तोंडं एकमेकींकडे आहेत ना अजून? मग झालं.

धाकटी : ताई, हा छाप एकदाच उठतो. तू तुझ्या उशीला घे.

ताई : मला कशाला दोन पाखरं? डोकं एक, उशी एक. आण तो अभ्रा. टेबलावर चादर घडी करून घाल, गादीवर नीट दाबलं जात नाही. आणि पाणीबिणी शिंपडू नकोस.

धाकटी : माहितीये. गिऱ्हाइकांचे अभ्रे उचलत-ठेवत मीही वाढलेय याच खोलीत. मोबाइलवर वेळ लावू?

ताई : आईनं कधी घड्याळ बघितलं? तिचं ते दोन ओळींचं गाणं. गाणं संपलं की इस्त्री उचलायची.

धाकटी : आणि गिऱ्हाईक कटकटं असलं की भरभर म्हणायची.

ताई : म्हणून तर समोरच्या काकूंची फुलं कायम फिकी. त्या बिचाऱ्या साबणाला नावं ठेवायच्या.

धाकटी : म्हण मग. तापलीये इस्त्री.

ताई : (इस्त्री टेकवत) ‘इस्तरी गं तापली, पाखरं निजली कागदात...’

धाकटी : पुढे?

ताई : पुढचं... नाही गं येत.

धाकटी : करपेल, ताई. ‘हळूच उठव बाई, त्यांना कापडाच्या अंगणात.’ हं, उचल.

ताई : तुझ्या बरं लक्षात.

धाकटी : लेकीला झोपवताना म्हणते रोज. तू कशी विसरलीस? शेवटपर्यंत आईजवळ तर तूच होतीस.

ताई : ती गेल्यापासून म्हटलंच नाही. एकटीनं कुणाला ऐकवायचं?

धाकटी : फोनवर तर म्हणतेस, मजेत आहे, दिवस पुरत नाही.

ताई : फोनवर दुसरं काय म्हणायचं असतं? सोड ते. पिशवी भरलीस का? उशीर होईल.

धाकटी : भरली. कागद गरमच सोलते, नाहीतर बस चुकेल.

ताई : नको. गरम ओढलास तर चोची कागदालाच चिकटून राहतील. निवू दे सावकाश.

धाकटी : आणि बस?

ताई : जाऊ दे बस. राहा आज. दिवस पुरत नाही म्हणते ते खोटं आहे गं. संध्याकाळ झाली की मी उगाचच इस्त्री तापवत ठेवते, आईचा आवाज येतो म्हणून.