फळ्यावरचा हट्ट

हट्टाचं तुम्ही मला सांगूच नका राव! चिंचवडच्या कंपनीत मी रंगखात्यात होतो, तेव्हा आमचा गायकवाड मला रोज एक शब्द द्यायचा. तो मी कँटीनच्या फळ्यावर असा लिहायचा, की अक्षरांतच अर्थ दिसला पाहिजे. ‘घसरण’ असेल तर अक्षरं खाली घरंगळत निघायची. पण कँटीनवाले तात्या भाजीचं नाव लिहायला जेवणाच्या सुट्टीआधीच फळा पुसायचे. कुणी बघायच्या आत माझी मेहनत फडक्यात!

शेवटी गायकवाड म्हणाला, "उद्या पुसलं तर खेळ बंद. शब्द घे, हट्ट."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो फळ्यापुढं उभा. "ह्यात काय हाय? साधी तर अक्षरं हायेत."

म्हटलं, "अक्षरं सोड, तात्यांकडं बघ."

तात्या सुट्टी झाली तरी घासतच होते. ओलं फडकं झालं, रॉकेल झालं. खात्यातला ऑइलपेंट तो, ढिम्म हलेना.

"दिसला राव हट्ट!" गायकवाड ओरडला.

तात्यांनी रागारागानं फळा काढला आणि उलटा टांगला.

मागच्या बाजूलाही मी तेच लिहून ठेवलं होतं.