चालू घड्याळ

कुरिअरच्या रांगेत शिलाईवाल्या काकू पडद्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. उभ्या उभ्याच त्या मोबाइलवर, ऑनलाइन लिलावातल्या एका जुन्या घड्याळाची बोली वाढवत होत्या. मागे खोकं धरलेला दीर आणि त्याची वहिनी बोलत होती.

"भावोजी, हे लिलावात घेतलेलं तेच ना? बंद निघालेलं?"

"तेच. जाहिरातीत 'चालू' लिहिलं होतं, वहिनी."

"ते विकणाऱ्याबद्दल असेल."

"चांगले चार फोटो होते."

"चारही फोटोंत दहा वाजून दहा मिनिटं. समोरून तेच, बाजूने तेच. तुमचे बारा वाजले तेव्हा कुठे तुम्हाला कळलं."

"आता शहाणा झालोय. परत लिलावात टाकलंय. संध्याकाळी संपतो, म्हणून पाठवायचा खर्च विचारायला आलोय."

"बंद आहे असं लिहिलंत?"

"वेडा आहे का मी? प्रत्येक फोटोआधी काटे बोटाने फिरवले. एकात सव्वातीन, एकात पावणेपाच. लोकांना पुरावा लागतो."

"आणि कुणी फसलं?"

"एक बाई आहे, भारी चिवट. मी मित्राच्या नावाने बोली वाढवतो, की ही लगेच माझ्यापुढे."

"बिचारी."

"बिचारी कसली? फोटो नीट बघून घेतेय ती."

काकूंनी मोबाइलवरचे फोटो एकेक करून सरकवले. सव्वातीन. पावणेपाच. मग त्या मागे वळल्या.

"भाऊ, किती वाजले हो?"

त्याने खिशातून मोबाइल काढला.

"तो राहू द्या. खोक्यातलं बघून सांगा."