जावई माझा त्रिनिदादचा

मी मूळची डोंबिवलीची, नर्स. मिस्टर गेले आणि लेकीला, मुक्ताला, घेऊन इकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला आले, एज्ड केअरमध्ये लागले, म्हाताऱ्यांच्या अंघोळी, औषधं, सगळं करते, अजून करते. आणि काय सांगू तुम्हाला, इथे आपल्या लोकांत स्थळ आलं की पगाराच्या आधी विचारतात, पीआर आहे का, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी. आणि मुक्तानं आणला किशन, त्रिनिदादचा, वेस्ट इंडिजकडचा, टेम्पररी व्हिसावर, पणजोबा कधीतरी उसाच्या मळ्यात राबायला गेलेले, नाव तेवढं आपलं, हिंदीचा एक शब्द येत नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, अगं एवढासा देश, त्याला कोण व्हिसा देणार?

लग्नानंतर युरोपला जायचं ठरलं. मी आपली सवयीनं व्हिसासाठी तिघांच्या फाइली केल्या, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो, आपल्या लोकांच्या अंगातच असते ना ती धास्ती. किशन हसायला लागला, मम, आय डोन्ट नीड इट. त्यांना युरोपला व्हिसाच लागत नाही, तेव्हा इंग्लंडलाही लागत नव्हता. आम्ही दोघी भारतीय पासपोर्टवाल्या व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे देत बसलो आणि हा बाहेर कॉफी पीत उभा. हे मी मंडळात सगळ्यांना सांगितलं, दोन-दोनदा सांगितलं.

मग कोविड आला. तिकडे त्याचे बाबा आजारी पडले, एकटेच, आणि हा एकुलता एक. त्रिनिदादनं स्वतःच्याच लोकांना दार लावलेलं, परवानगी आली तरच उतरायचं. आणि इकडून गेला तर ऑस्ट्रेलिया परत घेईल याचा भरवसा नाही, टेम्पररीवाला ना. मुक्ताचे दिवस भरत आलेले. तिकडची परवानगी आली त्या दिवशी हा जेवलाच नाही. मी म्हटलं, अरे जा तू, हिचं मी बघते, माझं कामच ते आहे.

गेला. बाबांचं शेवटचं सगळं त्याच्या हातून झालं. पण विमानं नाहीत, इकडची परवानगी नाकारलेली, नात झाली तेव्हा हा फोनवर रडत होता. मंडळातली एक म्हणाली, तो काही येत नाही आता. येईल, मी म्हटलं. घरी मात्र भाजी चिरता चिरता मलाच रडू यायचं, मीच पाठवला होता ना.

पुन्हा पुन्हा अर्ज केले, शेवटी आला. हॉटेलातलं क्वारंटाइन संपवून दारात उभा राहिला, वाळलेला, दाढी वाढलेली. म्हटलं थांब तिथेच, भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, मग आत घेतला आणि नात त्याच्या हातात दिली. तिला धरून तो मला म्हणाला, बाबा जाताना सांगून गेले, त्या बाईंनी माझा मुलगा मला पाठवला, आता तू त्यांच्याकडे परत जा.

व्याह्यांना मी कधी प्रत्यक्ष भेटले नाही हो. जिथे असतील तिथे सुखात असोत. पोरगा मात्र त्यांनी फार चांगला वाढवला.