चाळीस मिनिटांचं अंतर

नाम मॅडम : अगं, क्षय नसल्याचा दाखला बरोबर आहे, फोटो बरोबर आहे. अडलंय ते अंतरावर. तुझं घर इथून चाळीस मिनिटांवर दाखवतंय. इतक्या जवळच्या मुलीला आम्ही वसतिगृहात खोली देऊ शकत नाही.

हेरिन : मॅडम, मी काल पहाटेच्या बोटीने निघाले. बोट, मग बस, मग रेल्वे. चाळीस मिनिटांत आमचं बेटसुद्धा नजरेआड होत नाही.

नाम मॅडम : ते तुझ्या आईचं घर. वडिलांचं नाव पिओ गिल्सू ना? त्यांचा पत्ता इथला, सोलचा आहे. आईवडील वेगवेगळ्या पत्त्यांवर असले, तर जवळचा धरायचा. नियम आहे.

हेरिन : ते नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेले. मी त्यांचं घर पाहिलेलंसुद्धा नाही.

नाम मॅडम : घटस्फोटाचा कागद?

हेरिन : झालाच नाही. आई म्हणायची, त्यासाठी शहरात जायचं म्हणजे समुद्रातलं विकायचं शेवाळ काढायचे दोन दिवस बुडणार. तसंच राहिलं.

नाम मॅडम : मग एकच वाट आहे. मुलगी माझ्याकडे राहत नाही, मी तिला सांभाळत नाही, असं त्यांनी लिहून द्यायचं. खाली सही. फोनवर फोटो पाठवला तरी घेईन मी. पण पाचला यादी बंद होते, आणि आत्ता चार वीस झालेत. नंबर आहे त्यांचा?

हेरिन : आईने दिलाय. कधी लावला नाही.

नाम मॅडम : लाव. इथेच बसून लाव. रांग थांबेल जरा.

(हेरिन फोन लावते.)

बाबा : हॅलो? कोण बोलतंय?

हेरिन : मी हेरिन.

बाबा : हेरिन... थांब हं, बाहेर येतो. हां, बोल. आवाज केवढा बदलला गं तुझा! आई बरी आहे ना? काही झालं नाही ना?

हेरिन : बरी आहे. मला इथे विद्यापीठात प्रवेश मिळालाय. सोलमध्ये.

बाबा : काय सांगतेस! कशाला?

हेरिन : जहाजबांधणीला.

बाबा : अरे वा! आपल्या घरात कुणी... म्हणजे तुमच्या... छान झालं. फार छान झालं. जेवलीस का?

हेरिन : बाबा, एक कागद हवाय. मी तुमच्याकडे राहत नाही, एवढं लिहून द्यायचं. नाहीतर वसतिगृह मिळत नाही. पाचच्या आत हवाय.

बाबा : असं... असं नाही गं लिहिता येणार मला.

हेरिन : खरं तेच तर लिहायचंय.

बाबा : खरंच आहे, म्हणून तर पंचाईत. ऐक. सरकारी घरासाठी नाव लावलंय मी, सात वर्षं झाली. कुटुंबात माणसं जास्त असली की नंबर वर सरकतो. त्यात तुझं नाव आहे, आईचं आहे. पुढच्या महिन्यात निकाल. तू माझ्याकडे नाहीस असा कागद निघाला आणि तो तिकडे पोचला तर...

हेरिन : आत्ता कुठे राहता मग?

बाबा : तळघरात. मागच्या उन्हाळ्यात गुडघाभर पाणी शिरलं. भिंतींना बुरशी धरलीय. सोमी रात्र रात्र खोकते.

हेरिन : सोमी कोण?

बाबा : चार वर्षांची आहे. तुझी... बहीणच म्हणायची.

हेरिन : मला कुणी सांगितलं नाही.

बाबा : कुठल्या तोंडाने सांगणार? तुला इथेच ये म्हटलं असतं गं, पण खोली एक, त्यात सोमीच्या आईची आईही आमच्यातच...

हेरिन : मी येते म्हटलंच नाही.

बाबा : नाही, नाही म्हटलंस. बरं, तू सांगशील तसं करतो. लिहू का? तू म्हण, लगेच लिहितो.

हेरिन : डॉक्टरला दाखवलंत तिला?

बाबा : डॉक्टर म्हणतात, जागा बदला.

हेरिन : राहू द्या मग. नका लिहू.

बाबा : हेरिन, अगं...

हेरिन : ठेवते. तुम्ही कामावर असाल.

नाम मॅडम : काय झालं? पाठवतायत ना?

हेरिन : नाही.

नाम मॅडम : दे इकडे, मी बोलते. बापांना कसं ऐकवायचं ते मला चांगलं जमतं.

हेरिन : नको, मॅडम. ते लिहायला तयार होते.

नाम मॅडम : तयार होते? मग?

हेरिन : मीच नको म्हटलं.

नाम मॅडम : कमाल आहे तुझी! बरं, मागच्या फाटकासमोर भाड्याच्या खोल्या आहेत. पाय पसरले की दाराला लागतात. खिडकीची आशा धरू नकोस, पण दाराला आतून कडी आहे ना, ते बघून घे. तिथल्या बाईंना माझं नाव सांग.

हेरिन : सांगते. आईचा फोन आला इथे, तर मला खोली मिळाली म्हणाल का?

नाम मॅडम : मला खोटं बोलायला लावू नकोस... बघू. आता हा अर्ज तूच मागे घे. आम्ही नाकारला, तर पुढच्या सत्रात वसतिगृहाच्या यादीत तुझे गुण कापले जातील.

हेरिन : घ्या मागे.

नाम मॅडम : कारण द्यावं लागतं. रिकामं सोडलं तर हा संगणक पुढे जाऊ देत नाही.

हेरिन : वडिलांकडे सोय झाली, असं लिहा.